मंगळवारची रिक्षा

“फॉर्म चुकला म्हणजे माझी आई खोटं बोलली, असंच ना?” कमळाकरनं विचारलं. भाकरीचा तुकडा मोडून झाला होता, पण हात ताटातच थांबला होता.

“चुकला म्हटलं मी. खोटा म्हटलं नाय,” समीक्षा म्हणाली.

“मग चुकू दे. दोनशे बारा भरलेस. एकानं काय होतंय?”

“तो पयला आहे. माझ्या घरात, माझ्या सासूचा, मी माझ्या हातानं भरलेला. तोच चुकला तर बाकीच्यांखाली सही कुठल्या तोंडानं करू?”

“माझ्याशी रोज ज्या तोंडानं बोलतेस त्याच.”

मनस्वीला हसू आलं. बापानं बघितलं तशी तिनं पाण्याचं भांडं तोंडाला लावलं. ती दहावीला होती आणि रविवारचं जेवण हे तिच्या मते घरातलं सगळ्यात धोक्याचं जेवण होतं, कारण त्या एका दिवशी सगळे एकत्र बसत.

ठमाबाई दाराशी परात घेऊन मोड आलेले वाल सोलत होत्या. चिमटीत दाणा धरायचा, दाबायचा, साल एकीकडं, डाळिंबी एकीकडं. बोलणं सुरू झाल्यापासून त्यांनी मान वर केली नव्हती.

“मी कुणाचं घर लुटाया गेले नाय,” त्या परातीला सांगितल्यासारखं म्हणाल्या. “बहिणीकडं गेले.”

“दर मंगळवारी. चार महिने. निडीला,” कमळाकर म्हणाला. “आणि मला आज कळतंय. तेही हिच्या कागदापायी.”

कागद म्हणजे चार पानी फॉर्म. त्याचे गठ्ठे दोन महिने कपाटावर, फ्रिजवर, मनस्वीच्या अभ्यासाच्या टेबलावर असे घरभर फिरत होते.

समीक्षाला लग्न होऊन रोह्याशेजारच्या वरसे गावात येऊन सतरा वर्षं झाली होती. माहेर पेणच्या खाडीकडचं. बाप जनू आणि आई रंभा दोघंही मिठागरावर कामाला. मीठ दोघं ओढायची, टोपल्या दोघं वाहायची, पण हजेरीच्या वहीत नाव जनूचं एकट्याचं. गडी धरला की बायको त्यात आलीच, असा तिथला हिशेब. सहावीत असताना समीक्षानं ती वही उघडून मुकादमाला विचारलं होतं, माझ्या आईचं पान कुठंय? “तुझी आय काय येगली मोजायची काय गो?” असं म्हणून मुकादम पोट धरून हसला होता. त्या संध्याकाळी जनूनं तिला मोठ्यांच्या वह्या उघडल्याबद्दल एक धपाटा दिला.

पुढं बी.ए.चे दोन पेपर राहिले ते राहिलेच. पण तिला दार वाजवायचं काम जमायचं. पोलिओचे डोस, मतदार यादी, बचत गट, कुणाची कसलीही पाहणी. वरशात असं म्हणायचे की समीक्षानं कडी वाजवली की बाई हात पुसत येते आणि आधी “बस” म्हणते. मग डिसेंबरात पुण्याच्या एका संस्थेचं काम आलं. ॲपवरून गाडी बोलावायची सोय पेण आणि रोह्यात सुरू होऊन वर्ष झालं होतं. ती वापरतं कोण, हे त्या गाड्यांच्या कंपनीला हवं होतं.

पेणच्या एका हॉलमध्ये एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आदर्श नावाचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. स्वच्छ बोलायचा, सगळ्यांना मॅडम म्हणायचा.

“गाडी कुठून निघाली, कुठं गेली, हे कंपनीला दिसतं,” त्यानं सांगितलं होतं. “आत कोण बसलं ते दिसत नाही. आता गंमत बघा. रोह्यात ज्या फोनवरून गाड्या मागवल्या जातात त्यातले निम्म्याहून जास्त फोन कल्याण, डोंबिवली, पनवेल, पुण्याचे आहेत. मग हे लोक कोण? सुट्टीला आलेले पाहुणे, असा कंपनीचा अंदाज आहे. तसं असेल तर रोह्याच्या बाजूला गाड्या शनिवार-रविवारच ठेवायच्या आणि बाकी दिवस त्या पेणला हलवायच्या. अंदाज बरोबर की चूक, ते तुम्ही घरोघर जाऊन सांगायचं. वेळ संध्याकाळी सहा ते साडेआठ. तेव्हा कुटुंबप्रमुख घरी असतो, सगळं कुटुंब एकत्र भेटतं.”

पहिला फॉर्म सरावासाठी घरीच भरा, असंही तो म्हणाला होता.

समीक्षानं त्याच संध्याकाळी भरला. ठमाबाई खुर्चीत, कमळाकर कॉटवर, टीव्ही बारीक केलेला. चौथा प्रश्न होता, गेल्या महिन्याभरात ॲपवरून मागवलेल्या गाडीत बसलात का. ठमाबाईंनी एकदा मुलाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “मी कुठं जाते गो? ह्याच्या बाइकवरनं दवाखान्यात, तेवढंच.” चौथ्याला नाही आलं की पुढचे सतरा प्रश्न गळायचे आणि थेट सही. मिनिटभरात फॉर्म झाला. कमळाकर म्हणाला, “एवढं सोपं असतंय होय?”

सोपंच होतं. दोन महिन्यांत समीक्षानं एकशे अठरा बायकांचे फॉर्म भरले. त्यातल्या नऊ जणी चौथ्या प्रश्नाला हो म्हणाल्या. बाकीच्या कुठं जात नव्हत्या.

फॉर्म संपत आले तसं दुसरं काम आलं, मोजणीचं. ठरलेल्या जागी तीन दिवस सकाळी दहा ते एक बसायचं आणि ॲपच्या गाडीत चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या खुणा करायच्या. समीक्षाला जागा मिळाली वरशाच्या फाट्यावरची. तिथं गोविंदाचं मेडिकल होतं. त्यानं बाकडं दिलं. तोंडाला स्कार्फ, डोक्यावर छत्री, मांडीवर तक्ता घेऊन ती बसली.

मंगळवारी पावणेअकराला एक रिक्षा थांबली. एक म्हातारी बाई पुढं झाली, डावा तळहात उघडून रिक्षावाल्यासमोर धरला आणि त्यावरचे चार आकडे वाचून दाखवले. रिक्षावाल्यानं ते फोनवर टाकले आणि म्हणाला, “बसा आजी.” समीक्षानं खूण केली. स्त्री, साठीच्या वर, एकटी. खूण करून झाल्यावर तिचं लक्ष पिशवीकडं गेलं. पिशवी तिच्या स्वतःच्या बचत गटाची होती. लुगडं मनस्वीच्या बारशातलं.

रिक्षा निडीच्या रस्त्याला लागली तेव्हा समीक्षाच्या डोक्यात दुसरीच गोष्ट आली. मंगळवारी संध्याकाळी भाकऱ्या थापताना सासूच्या तळहाताला पुसट निळी शाई असायची. तिला वाटायचं, नम्रताच्या फोनचा नंबर लिहून घेत असतील. नम्रता ही कमळाकरची धाकटी बहीण, डोंबिवलीला दिलेली. तसं म्हटलं तर ते फार चुकीचं नव्हतं. नम्रता तिकडून गाडी मागवायची, पैसे तिकडूनच द्यायची आणि चार आकडे आईला फोनवर सांगायची.

ठमाबाईंना ती घरी काही बोलली नाही. तीन दिवस बाकड्यावर बसून तिनं खुणा केल्या आणि प्रत्येक बाईजवळ जाऊन एवढंच विचारलं, “गाडी कुणी बोलावली?” लेकीनं, खारघरवरून. भाच्यानं, पुण्यावरून. सुनेच्या बहिणीनं. ज्यांचं बाहेर कुणी नव्हतं त्यांना गोविंदा औषधं बांधता बांधता स्वतःच्या फोनवरून गाडी बोलावून देत होता. “आकड्याची रिक्षा” म्हणत सगळ्या तिला. ॲप कुणाच्याच तोंडी नव्हतं. एकेचाळीस जणांत एकोणतीस बायका. त्यातल्या सात जणींचे फॉर्म तिनं स्वतः भरले होते, आणि सातही जणी तेव्हा नाही म्हणाल्या होत्या.

सातातली एक भूमिका नावाची. तिचा नवरा स्टँडवर रिक्षा लावायचा. “मग काय हो म्हणू ताई?” ती म्हणाली. “तेव्हा हे समोर चहा पीत बसले होते. स्टँडवरच्या रिक्षात बसलं की दहा जण विचारतात, वहिनी कुठं निघालात. हा रिक्षावाला काय विचारत नाय. आकडा सांगा, बसा.”

“कुठं जातेस?”

“टायपिंगच्या क्लासला,” भूमिका म्हणाली. “तुमच्या कागदावर लिवू नका हां नाव.”

शुक्रवारी समीक्षानं आदर्शला फोन केला आणि सगळं सांगितलं.

“फार छान निरीक्षण आहे मॅडम. अहवालात एक परिच्छेद टाकतो.”

“परिच्छेद नको. बायकांचे फॉर्म परत भरते. दुपारचे.”

“वेळ ठरलेली आहे. संध्याकाळी कुटुंब एकत्र भेटतं.”

“तेच सांगतेय सर. एकत्र भेटतं.”

मग तो सावकाश म्हणाला, “करायचे तर सगळ्या एकशे अठरा. हव्या त्या चार-पाच निवडल्यात तर मी घेणार नाही. वेगळे पैसे नाहीत. मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी, म्हणजे सोमवारपासून अठरा दिवस हातात धरा. आणि एक लक्षात घ्या. माणगावच्या कामाला सुपरवायझर नेमायचाय. तुमचं नाव मी वर दिलंय. पण काम वेळेत दिलेल्यांनाच घेतात. एकशे अठरातले शंभर झाले आणि अठरा राहिले, तर ना जुने चालतील ना नवे. आहेत तसे दिलेत तर आजच काम पूर्ण.”

“आणि आहेत तसे दिले तर रोह्याच्या गाड्या?”

“आकडे जे सांगतील ते,” आदर्श म्हणाला. “पण नऊ म्हणजे नऊच ना मॅडम.”

शनिवारचा दिवस तिनं ते पोटात ठेवलं. रविवारी जेवायला बसल्यावर काढलं आणि आता भाकरी थंड होत होती.

“सुपरवायझर व्हायचंय की नाय तुला?” कमळाकरनं विचारलं. धाटावच्या एका कारखान्यात तो सतरा वर्षं शिफ्ट करत होता आणि सुपरवायझर या शब्दाची त्याला पुरेपूर किंमत होती. “लोक ह्याच्यासाठी साहेबांच्या पोरांच्या बारशाला जातात. तुला घरी चालून आलंय. अठरा दिवसांत एकशे अठरा घरं, त्यात निम्मी पेणला. होणार नाय. नाय झालं की हेही गेलं, तेही गेलं.”

“रोज सात झाल्या तर होतात.”

“आणि इथं?”

“इथं काय?”

“इथं काय म्हणजे? जेवण, डबा, हिची परीक्षा तोंडावर. सगळं सोडून तू बायकांना विचारत फिरणार, गो तू खोटं बोललीस काय.”

“मी तसं विचारत नाय.”

“आईला तसंच विचारलंस ना? चार दिवस बघून ठेवलंस आणि आज ताटावर बसल्यावर काढलंस.”

हे खरं होतं आणि समीक्षाला लागलं. ती उठली, भाकरी तव्यावर गरम करून आणली, त्याच्या ताटात टाकली.

कमळाकरचा आवाज उतरला. “फॉर्मच बदलायचा तर असं लिही. मुलगा नेतो. जिथं जायचं तिथं मुलगा नेतो. मी नेत नाय काय तिला?”

“नेतोस रं,” ठमाबाई म्हणाल्या. पहिल्यांदा त्यांनी मान वर केली. “रविवार बघून नेतोस. मागला रविवार कंपनीत गेला, त्याच्या मागला म्याचला.”

“सांगितलं असतंस तर म्याच सोडली असती.”

“निडीला नेलं असतंस? शिवाशी बोलत नायस तू चार वर्षं.”

शिवा म्हणजे निडीच्या चंद्रावती मावशीचा मुलगा. आजोळच्या शेताच्या बांधावरून दोघांची वाजली होती आणि तेव्हापासून कमळाकरनं त्या गावाचं नाव टाकलं होतं. ठमाबाईंनी ते मान्य केलंय, असं घरात सगळे धरून चालले होते. त्यांना तसं कुणी विचारलं नव्हतं.

“दारात सोडलं असतं,” कमळाकर म्हणाला.

“सोडलं असतंस. आणि बाहेर गाडी चालू ठेवून हॉर्न मारत बसला असतास.”

या वेळी मनस्वीनं हसू लपवलं नाही. “पप्पा, दवाखान्यात पण तुम्ही तसंच करता.”

“तू जेव.”

“पण एवढं काय होतं दर मंगळवारी?” त्यानं आईला विचारलं. विचारताना तो समीक्षाकडं बघत होता, जणू उत्तर तिच्याकडच्या तक्त्यात असेल.

ठमाबाईंनी हाताला चिकटलेली सालं परातीच्या काठाला पुसली. “गणपतीत पडली चंद्रावती. तवापासून डावा हात वर जात नाय तिचा. तिची सून सकाळी सातला कंपनीच्या बसमधी बसते. केस कोण धुणार? वेणी कोण घालणार? पयल्यांदा गेले तर डोक्याचा नुसता गुंता. कातरायला निघाली होती ती. मी म्हटलं, थांब, मी येते. मंगळवारी आपली सूनबाई रोह्याला बचत गटात असते, तू पयल्या पाळीला, ही शाळेत. तो वार सापडला.” त्या थोडं थांबल्या. “लांबून लेक गाडी धाडते. रिक्षा नेते, आणून सोडते. माझी मी जाते.”

बाहेर शेजारच्या बांधकामावर कुणीतरी पाण्याचा पाइप सोडून ठेवला होता, त्याचा आवाज येत होता.

“शिवा घरात असतो?” कमळाकरनं विचारलं.

“असतो कधी. च्या करून देतो.”

“साखर जास्त घालतो तो.”

“घालतो,” ठमाबाई म्हणाल्या.

समीक्षानं हात धुतला. फ्रिजवरच्या गठ्ठ्यातून एक कोरा फॉर्म काढला, कपाटावरून पेन घेतलं आणि दाराशी सासूच्या समोर पाटावर बसली.

“आई, परत भरते. दुपारी, एकट्यात भरू म्हणत असाल तर उद्या भरू.”

ठमाबाईंनी मुलाकडं पाहिलं. त्या पहिल्या संध्याकाळी पाहिलं होतं तसंच, पण या वेळी नजर जरा जास्त वेळ तिथं राहिली.

“आताच भर,” त्या म्हणाल्या. “बसलेत सगळे तर बसू दे.”

“गेल्या महिन्याभरात ॲपवरून मागवलेल्या गाडीत बसलात का?”

“आकड्याच्या रिक्षात. व्हय.”

“किती वेळा?”

“चार मंगळवार. जायचं, यायचं. आठ.”

“गाडी कुणी मागवली?”

“नम्रतानं.”

“कुठं गेलात?”

“निडी.”

कमळाकर जेवू लागला होता. वालाच्या रश्शात भाकरी बुडवून तो सावकाश चावत होता आणि ऐकत होता.

“कशासाठी? इथं पाच चौकोन आहेत. नोकरी, शिक्षण, दवाखाना, बाजार, इतर.”

“वेणीला कुठला चौकोन हाय?”

“इतर.”

“मग इतर. आणि बाजूला लिव, बहिणीची वेणी.”

“बाजूला जागा नाय, आई.”

“खाली लिव. पाठी लिव. कागूद एवढा मोठा हाय.”

समीक्षानं मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. सतराही प्रश्न झाले. शेवटचा होता, ही गाडी बंद झाली तर तुम्ही काय कराल. पर्याय चार होते. ठमाबाईंनी चारही वाचून दाखवायला लावले आणि म्हणाल्या, “ह्यातलं काय नाय. जाणं बंद होईल. तेवढंच लिव.” मग परातीतला ओला हात पदराला पुसून त्यांनी एक एक अक्षर जोडत सही केली.

जुना फॉर्म समीक्षानं फाडला नाही. त्यावर आडवी रेघ मारून नव्याला टाचला. तो तिथं असायला हवा होता, आदर्शनं विचारलं तर दोन्ही एकाच बाईचे, एकाच घरातले, हे दाखवायला.

“एकशे सतरा राहिले,” कमळाकर म्हणाला. टोमणा होता की मोजदाद, ते कळलं नाही. “आणि माणगावचं गेलं तर? मला बोल लावायचा नाय.”

“नाय लावणार.”

“पेणच्या त्या खाडीकडच्या घरांत दुपारी कोण भेटणार तुला?”

“बायका भेटणार,” समीक्षा म्हणाली.

तिनं गठ्ठ्यातून बायकांचे फॉर्म वेगळे करायला घेतले. वरशाचे एका बाजूला, रोह्याचे एका बाजूला, पेणचे तिसरीकडं. भूमिकाचा वर आला तो तिनं खाली सरकवला, नाव झाकून. नंतर मनस्वीच्या वहीतलं एक पान मागून घेतलं, त्यावर अठरा तारखा एकाखाली एक लिहिल्या आणि पान फ्रिजवर चुंबकानं लावलं. लावताना ती बोलली, आवाज न चढवता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

“उद्यापासून अठ्ठावीसपर्यंत मी दहाला बाहेर पडणार, पाचला येणार. सोमवार, बुधवार, शुक्रवार पेण, तेव्हा मात्र सकाळच्या पहिल्या गाडीनं जाणार. बाकी दिवस इथं. रात्रीचं जेवण मी करीन. सकाळी तुमचा डबा तुम्ही भरायचा, मनस्वीनं तिचा. आणि मंगळवारी आईंची रिक्षा मेडिकलवरून नाय, आपल्या दारातून निघेल.”